लाल त्रिकोण

लोथार ग्रीमेला सगळ्याच माणसांचा तिटकारा होता असं नाही. डोंगर बघायला येणाऱ्या माणसांचा मात्र होता. आणि जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात, हासेलटालसारख्या गावात, मे ते ऑक्टोबर दुसरी माणसं फारशी दिसतच नसत.

त्याचं घर गावातलं शेवटचं. कुंपणाला घासून जंगलाची वाट वर चढायची. वाटेच्या तोंडाशी एक बाक होता, आणि निवृत्त झाल्यापासून त्या बाकावर बसून तो वर जाणाऱ्या प्रत्येकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा. बुटांवर दुकानातली चकाकी असली की त्याची एक भुवई वर जायची. दोन्ही हातांत काठ्या असल्या की दुसरी. कासेलच्या एका दंतवैद्याने त्याला विचारलं होतं की ही वाट फिरून परत इथेच येते ना. लोथार म्हणाला होता, "वाट कुठे जात नाही. ती इथेच असते. जायचं तुम्हाला आहे." दंतवैद्याला हे फार आवडलं आणि त्याने ते बायकोला मोठ्याने सांगितलं, त्यामुळे लोथारचा दिवस वाया गेला.

सगळ्यात जास्त तो शिक्केवाल्यांवर दात धरून होता. डोंगरात ठिकठिकाणी लाकडी पेट्या होत्या, पेटीत साखळीला बांधलेला शिक्का, आणि लोकांच्या हातात शिक्के गोळा करायच्या छोट्या वह्या. कड्यावर पोचायचं, पेटी उघडायची, शिक्का मारायचा आणि फिरून खाली. खालची दरी पाठीमागे तशीच पडून राहायची. एका जोडप्याने एकदा खाली उतरल्या उतरल्या तक्रार केली की वरच्या पेटीतली शाई वाळली आहे. दरीत त्या दिवशी ढग उतरले होते, पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, त्याबद्दल मात्र त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

त्याची बायको आनेग्रेट वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायची. ती त्याला एकदाच म्हणाली होती, पण नीट ऐकवून म्हणाली होती. "ज्यांना तू हसतोस, त्यांच्या चादरी मी धुते. बाकावर काय हसायचं ते हस. ते माझ्या जेवणाच्या टेबलापर्यंत आणू नकोस."

या तिरसटपणाला कारण नव्हतं असं नाही. लोथारने चाळीस वर्षं जंगलखात्यात काम केलं होतं आणि त्यातली एकतीस वर्षं, पगाराशिवाय, पदयात्री मंडळासाठी वाटांवरच्या खुणा रंगवल्या होत्या. खूण म्हणजे झाडावर हातभर उंचीचा पांढरा चौकोन आणि त्यात रंगीत आकृती. तळ्याकडे निळा ठिपका, जुन्या खाणीकडे पिवळी पट्टी, आणि चीजच्या चळतीकडे लाल त्रिकोण. चीजची चळत म्हणजे शिखराखाली एकावर एक रचल्यासारखे उभे असलेले ग्रॅनाइटचे सात गोल चपटे धोंडे. लाकूडतोड्यांनी त्यांना ते नाव दिलं होतं, कारण लाकूडतोड्यांना दुपारी बाराच्या सुमाराला दुसरं काही सुचत नाही. लोथार दर वसंतात पाठीला डबे अडकवून निघायचा. खरवडणीने साल गुळगुळीत करायची, खोडाला जखम होऊ द्यायची नाही, पांढरा हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग स्वतः कापलेला पत्र्याचा साचा लावून लाल. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, असा त्याचा नियम होता. दोन्ही बाजूंनी. येणाऱ्यालाही आणि जाणाऱ्यालाही.

मग सलग तीन कोरडे उन्हाळे आले आणि झाडांना आतून पोखरणारा सालकिडा पडला. लोथारने तरुणपणी गुडघ्यावर बसून लावलेली स्प्रूसची सूचिपर्णी झाडं उभ्या उभ्या तपकिरी झाली, मग करडी. एका हिवाळ्यात उतारच्या उतार दात पडलेल्या तोंडासारखा दिसायला लागला. पाहुणे बाकापाशी थांबून विचारायचे, हे असं का ठेवलंय, कोणी साफ का करत नाही. जणू त्यानेच घरातला केर दारात टाकला होता. तो त्यांच्या बुटांकडे बघत राहायचा. त्या दिवसांत त्याचा तिटकारा जो घट्ट झाला, तो पुन्हा पातळ झाला नाही.

त्यात स्वेन्या ट्योल्के आली. हॅनोव्हरहून, पर्यटन कचेरीची प्रमुख म्हणून, वय एकतीस. लोथारने हिशेब केला, म्हणजे त्याने पहिला त्रिकोण रंगवला त्या वर्षी ती जन्मली असणार. मंडळाच्या वसंतातल्या सभेत, अग्निशमन दलाच्या दालनात, तिने पडद्यावर चित्रं दाखवली. चीजच्या चळतीचं नाव आता राक्षसाची बैठक होणार होतं. तिथे एक फलक लागणार होता आणि फलकावर राक्षसाची आणि पाणचक्कीवाल्याच्या मुलीची कथा असणार होती. वाटांचा नकाशा फोनमध्ये मिळणार होता. खुणा राहतीलच, ती म्हणाली, पण हळूहळू त्यांची गरज कमी होईल.

लोथार उठला. म्हणाला की त्या दगडापाशी त्याने चाळीस वर्षं डबा खाल्ला आहे, राक्षस एकदाही जेवायला आला नाही. लोक हसले. तिथे थांबला असता तर सभा त्याने जिंकली होती. पण तो थांबला नाही. तो म्हणाला की ज्या पोरीला बीच आणि ओक या झाडांतला फरक चित्रावरून सांगावा लागतो, तिने आम्हाला जंगल शिकवू नये. मग कोणी हसलं नाही. स्वेन्याच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. लोथारने पिशवीतून त्रिकोणाचा साचा काढला, टेबलावर तिच्यासमोर ठेवला, म्हणाला, "आता फोनलाच रंगवायला सांगा," आणि कोट घालून निघून गेला.

त्यानंतर दोन वर्षं त्याने ब्रशला हात लावला नाही. मेलेली झाडं वाऱ्याने पडत गेली आणि पडताना खुणा घेऊन गेली. पहिल्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला, जुन्या कोळसाभट्टीच्या वरच्या फाट्यावर, जिथे खरी वाट उजवीकडे वळते आणि लाकूड ओढायची जुनी चाकोरी डावीकडे उतरते, तिथलं झाड आडवं झालं. लोथार ते ओलांडून गेला. त्रिकोण खोडाच्या खालच्या अंगाला, चिखलात तोंड खुपसून पडला होता. चाकूने दुसऱ्या झाडावर नुसती खाच केली असती तरी चाललं असतं. पण त्याच्या मनात आलं, आता बघू फोन काय करतो ते. आणि त्याला बरं वाटलं. पुढे लोक भलतीकडे उतरून, ढोपरापर्यंत चिखल घेऊन परत यायला लागले तेव्हा तो बाकावर बसून त्यांना अदबीने दुपारच्या शुभेच्छा द्यायचा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम्पेबाई आल्या. रोझविता काम्पे, ब्राउनश्वाइगच्या, वय त्र्याऐंशी, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. बसमधून एकट्या उतरल्या, सामान कोणाला उचलू दिलं नाही, आणि खोलीतली गादी दाबून पाहून आनेग्रेटला म्हणाल्या की ठीक आहे, याहून वाईट गादीवर मी झोपलेली आहे. आनेग्रेटने हे कौतुक समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला त्यांनी पावावर, तिकडे खातात तसा, डुकराचा कच्चा खिमा जाड थापला, वर कांदा पसरला आणि कापडाच्या पाठीचा एक जुना नकाशा उलगडला. सोळा वर्षांच्या असताना त्या शाळेच्या सहलीबरोबर इथे आल्या होत्या. पाऊस आला म्हणून मास्तरांनी चीजच्या चळतीच्या अर्ध्या वाटेवरून सगळ्यांना परत फिरवलं. अर्धवट राहिलेलं काम त्यांना खपत नसे, आणि यादीत आता फारशी कामं उरली नव्हती. फोन त्यांच्याकडे नव्हता. फोन बाळगणाऱ्या माणसाला प्रत्येकजण हाक मारतो, असं त्यांचं म्हणणं.

"लाल त्रिकोण अजून आहे ना?" त्यांनी लोथारला विचारलं.

लोथार कॉफी ओतत होता. नव्वद टक्के खुणा उभ्या आहेत, भट्टीच्या वरचा फाटा सांभाळा, उजवीकडे वळा, एवढं सांगायला त्याला एक कप भरण्याइतका वेळसुद्धा लागला नसता. तो सांगणारही होता. पण काम्पेबाई पुढे म्हणाल्या की ओडेनवाल्डच्या डोंगरात खुणा इतक्या सुरेख ठेवतात की आंधळाही चालेल, हार्झचं मात्र पहिल्यापासून थोडं रामभरोसे आहे.

"खुणा आहेत," लोथार म्हणाला. "ज्याला डोळे आहेत त्याला दिसतात."

काम्पेबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, नकाशाची घडी घातली, आणि पावणेनऊ वाजता लाल रेनकोट पाठीच्या पिशवीला बांधून वर चढल्या. लोथारने बाकावरून त्यांचे बूट पाहिले. बूट जुने होते, तेल लावलेले, नाड्या दुहेरी गाठीच्या. नाव ठेवायला जागाच नव्हती. त्याला उगाचच चुकल्यासारखं झालं आणि तो सरपण फोडायला मागच्या अंगणात गेला.

बाराला धुकं उतरलं. एकला आनेग्रेट दारात येऊन उभी राहिली. चढायला दोन तास, उतरायला दीड, तिथे बसून डबा खायला अर्धा. दोन वाजता तिने पुन्हा दार उघडलं. तीनला ती सरळ त्याच्यासमोर आली आणि तिने एकच गोष्ट विचारली, भट्टीच्या वरच्या फाट्यावर त्रिकोण आहे का.

लोथारने कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात नवरा कधी गप्प बसतो हे तिला ठाऊक होतं. ती आत गेली आणि तिने बचावपथकाला फोन केला. पथक दुसऱ्या अपघातावर होतं, यायला दीड तास तरी लागेल म्हणाले. मग तिने पर्यटन कचेरीला फोन केला, ते मात्र तिने त्याला नंतर सांगितलं.

लोथार दोरी, घोंगडी आणि थर्मास घेऊन निघेपर्यंत स्वेन्याची छोटी निळी गाडी दारात आली होती. तिच्या पायात शहरी बूट होते. लोथारने ते पाहिले आणि तोंड उघडलं. तिने गाडीच्या मागून दुसरे बूट काढले, दाराच्या पायरीवर बसून घातले आणि म्हणाली, "बोला, ग्रीमे. बोलून घ्या, मग निघू." त्याने तोंड मिटलं.

धुक्यात मेलेली झाडं पाच पाच करून दिसत होती आणि पुसली जात होती. स्वेन्या मागे पडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती पडली नाही. चालता चालता तिनेच विषय काढला. तिने त्याला दोन पत्रं लिहिली होती. पहिलं सभेनंतर लगेच, दुसरं गेल्या वसंतात. तुम्ही परत या, खुणा तुमच्याशिवाय कोणाला जमत नाहीत, फोनला या दरीत धड सिग्नल मिळत नाही, असं दोन्हींत होतं. पत्रांवर कचेरीचा शिक्का होता आणि शिक्का बघूनच लोथारने ती न उघडता शेगडीजवळच्या टोपलीत टाकली होती. हे त्याने तिला सांगितलं नाही. पत्रं मिळाली नाहीत, असंही सांगितलं नाही. तो फक्त जरा भरभर चालायला लागला.

"राक्षसाची गोष्ट मला एका रात्रीत लिहायला लावली," ती मागून म्हणाली. "नगरपालिकेला छापखान्याची तारीख गाठायची होती. ती टुकार आहे हे मला माहीत आहे. पण तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते गोष्टीबद्दल नव्हतं."

लोथार चढत राहिला. दमामुळे बोलता येत नाही असं दाखवण्याइतका चढ नशिबाने तिथे होता.

फाट्यावर ते थांबले. आडवं झाड तसंच होतं. उजवीकडची खरी वाट गवताने झाकली होती. डावीकडची चाकोरी मात्र दोन वर्षांत चुकलेल्यांच्या पायांनी रुळून रुंद, स्वच्छ आणि अगदी विश्वासू दिसत होती. चिखलात जुन्या बुटांचा एक ठसा होता, डावीकडे तोंड केलेला. स्वेन्याने खाली वाकून खोडाच्या पोटाशी हात घातला आणि तिच्या बोटांना पांढऱ्या रंगाचा पापुद्रा लागला. तिने तो बोटांवर चुरला. लोथारकडे पाहिलं नाही, आणि तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात खालून शिट्टी ऐकू आली. एक, दोन, तीन, करत सहा. मग मिनिटभर काही नाही. पुन्हा सहा, डोंगरात मदत मागायची रीत.

काम्पेबाई चाकोरीच्या टोकाला होत्या, जिथे पडलेल्या खोडांचा ढीग आणि त्यापलीकडे दलदल होती. खोडावरून घसरून त्यांचा पाय दोन फांद्यांच्या बेचक्यात गेला होता. तो त्यांनी स्वतः सोडवला होता, लाल रेनकोट अंगावर घेतला होता, डबा संपवला होता, डब्याचा कागद घडी करून खिशात ठेवला होता. ओठ निळे पडले होते. घोटा बुटातच सुजून घट्ट बसला होता.

लोथार पुढे झाला. त्याने घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली, थर्मासचं झाकण उघडलं. त्यांनी चहा घेतला, दोन घोट प्यायल्या, आणि मगच बोलल्या.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांचं. मी इथे बसून समोरच्या खोडावरच्या मुंग्या मोजल्या. तेव्हा माझ्या डोळ्यांचं राहू दे. फाट्यावरची खूण कुठे आहे?"

"झाड पडलं," लोथार म्हणाला.

"कधी?"

"दोन वर्षं होतील."

"तुम्हाला कधी कळलं?"

लोथारने थर्मास खाली ठेवला. खोटं बोलायला जागा होती. स्वेन्या काही बोलली नसती, आनेग्रेट इथे नव्हती. "तेव्हाच," तो म्हणाला. "मी ते ओलांडून गेलो."

काम्पेबाईंनी मान हलवली, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर अपेक्षेप्रमाणेच चुकलं की हलवावी तशी. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याने सहन केलं असतं. त्या म्हणाल्या की त्यांनी सकाळीच त्याच्या तोंडावरून ओळखलं होतं की या माणसाला स्वतःच्या कामाबद्दल विचारलेलं आवडत नाही, आणि असं सहसा दोनच प्रकारच्या माणसांना होतं, फार चांगलं काम करणाऱ्यांना किंवा अजिबात न करणाऱ्यांना. फाट्यापर्यंतच्या खुणा पाहून त्यांना वाटलं होतं की तो पहिल्या प्रकारचा आहे. म्हणून त्या डावीकडे निर्धास्त उतरल्या. इतकं नीट काम करणारा माणूस वळणावर सांगायचं विसरणार नाही, असं त्या धरून चालल्या होत्या.

लोथारने पाठ वाकवली आणि त्यांना पाठीवर यायला सांगितलं. गाडीरस्ता अर्ध्या तासावर होता, पथक तिथपर्यंत येणार होतं.

"नको," काम्पेबाई म्हणाल्या. "ज्याला रंगाचा एक डबा इथवर आणता आला नाही, तो मला काय नेणार. मुली, तू ये."

आणि स्वेन्याने त्यांना पाठीवर घेतलं. ती मोठ्या हाडापेराची नव्हती, दर वीस पावलांवर थांबत होती, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगत होत्या, पण तिने नेलं. लोथार पुढे फांद्या बाजूला करत चालला. त्याच्या एका खांद्यावर काम्पेबाईंची पिशवी होती आणि हातात त्यांचा एक बूट, दुहेरी गाठीसकट, कारण तो शेवटी कापून काढावा लागला होता. मध्येच त्याला वाटलं की आपल्याला आत्ता बाकावर बसलेला लोथार ग्रीमे पाहील तर काय म्हणेल. ते त्याला लगेच सुचलं, शब्दन् शब्द, आणि ते ऐकायला गोड नव्हतं.

घोट्याचं हाड चिरलं होतं. काम्पेबाई दोन आठवडे खालच्या शहरात इस्पितळात राहिल्या. तिथलं सूप पाणचट आहे, एवढंच त्यांनी आनेग्रेटला सांगितलं. त्यांनी कुठे तक्रार केली नाही. स्वेन्याही कोणाजवळ बोलली नाही. बोलली ती आनेग्रेट, बेकरीत, शनिवारी, रांग दारापर्यंत असताना. लोथारने विचारलं तेव्हा ती म्हणाली की तू बाकावर बसून लोकांबद्दल बोलतोस, मी पावाच्या रांगेत उभी राहून बोलते, त्यात एवढं काय. त्या आठवड्यात तो खानावळीत गेला तर कोपऱ्यातल्या टेबलावरून म्हाताऱ्या डिटरने त्याला गंभीरपणे विचारलं की संडासाकडे जायची खूण कुठल्या रंगाची आहे. सगळं टेबल बिअर सांडेपर्यंत हसलं. लोथारनेही हसायचा प्रयत्न केला. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

सोमवारी तो पर्यटन कचेरीत गेला. भिंतीवर राक्षसाचं मोठं चित्र होतं. त्याने त्याच्याकडे न बघता स्वेन्याला सांगितलं की साचा पाहिजे. तिने खालच्या खणातून तो काढला, कापडात गुंडाळलेला. तिने त्याला गंज चढू दिला नव्हता. मग एक कागद पुढे सरकवला आणि वस्तू मिळाल्याची सही मागितली. स्वतः कापलेल्या पत्र्यासाठी सही, हे लोथारला इतकं हास्यास्पद वाटलं की त्याच्या तोंडात तीन वाक्यं एकदम गोळा झाली. त्याने सही केली. दारापर्यंत गेला आणि तिथून, दाराकडेच तोंड करून, म्हणाला की सभेत तो जे बोलला ते बोलायला नको होतं.

"हो," स्वेन्या म्हणाली. "नकोच होतं." आणि तिने फोन उचलला, कारण तो वाजत होता. लोथारला वाटलं होतं की ती जाऊ द्या म्हणेल. ती म्हणाली नाही, आणि घरी जाताना त्याला पटलं की त्यात तिचं काही चुकलं नाही.

बर्फ पडायच्या आधी त्याने फाटा पुरा केला, बाकीचं मार्च-एप्रिलमध्ये. फाट्याच्या वर रंगवण्याजोगी जिवंत झाडं फारशी उरली नव्हती. त्याने ओकचे खांब रोवले, जिथे खडक होते तिथे खडकांवर रंगवलं. खडकाला खरवडायचं नसतं, तारेच्या ब्रशने शेवाळ काढायचं आणि ऊन लागेपर्यंत थांबायचं. थांबताना शिक्केवाले भेटायचे. एकाने विचारलं की तुम्हाला याचे किती मिळतात. लोथारला त्याच्याबद्दल पूर्वीइतकाच तिटकारा वाटला. पण उजवीकडे जा, असं त्याने त्याला सांगितलं, आणि तो उजवीकडे वळेपर्यंत पाहत राहिला.

मेच्या शेवटी काम्पेबाई परत आल्या. पत्र नाही, फोन नाही, बसमधून उतरल्या, हातात आता एक काठी. सकाळी नाश्ता करून वर गेल्या. लोथार त्या दिवशी बाकावर बसला नाही आणि दुसरीकडेही कुठे धड बसला नाही. दुपारी दोन वाजता त्या उतरून आल्या, अंगणातल्या टेबलाशी बसल्या, आनेग्रेटने त्यांना कॉफी आणि मनुकांचा केक आणून दिला.

त्यांनी केक संपवला. चीजची चळत पाहिली, म्हणाल्या. धोंडे सात आहेत हे खरं, पण त्यांना वाटलं होतं त्याच्या निम्मेच उंच निघाले. सदुसष्ट वर्षं मनात ठेवण्याइतकं त्यात काही नव्हतं. मास्तरांनी परत फिरवलं ते एका अर्थी बरंच केलं.

लोथारला ते लागलं. त्याने खुर्चीत पाठ ताठ केली आणि सांगायला लागला की धोंड्यांकडे खालून बघायचं नसतं, मागून चढायचं असतं, सकाळच्या उन्हात, आणि सगळ्यात वरचा धोंडा हाताने हलतो. काम्पेबाईंनी ते ऐकून घेतलं. म्हणाल्या, मागून चढायची खूण नव्हती. लोथारची पाठ पुन्हा खुर्चीला टेकली. खरंच नव्हती.

"त्रिकोण बरे आहेत," त्या मग म्हणाल्या. "अकराव्याचा डावा कोपरा बसका आहे."

अकरावा त्याने पाऊस सुरू होत असताना घाईत केला होता. हे दुसऱ्या कोणालाही दिसलं नसतं. लोथारने तोंडावर काही येऊ दिलं नाही, पण आनेग्रेट खिडकीतून बघत होती आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे कान लाल झाले होते.

काम्पेबाई आणखी तीन दिवस राहणार होत्या. त्यांनी विचारलं की शेजारच्या खोऱ्यात, धबधब्याकडे जाणारी हिरव्या पट्टीची वाट कशी आहे. ती वाट दुसऱ्या मंडळाकडे होती आणि तिच्या खुणा हाइनर लुट्गेन नावाचा माणूस रंगवायचा, ज्याच्याबद्दल लोथारने गेली वीस वर्षं एकही चांगला शब्द काढला नव्हता. लोथार म्हणाला की त्याबद्दल तो आधी काही बोलणार नाही, त्यांनी स्वतःच बघावं. हवं तर तो बरोबर येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं निघाले. काम्पेबाई पुढे, काठी टेकत, लोथार दोन पावलं मागे. पहिल्याच बीचच्या झाडापाशी त्या थांबल्या. लुट्गेनने साल न खरवडताच रंग फासला होता, आणि हिरवा ओघळ पट्टीखालून थेट मुळांपर्यंत आला होता. काम्पेबाईंनी काठीचं टोक त्या ओघळावर ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं.

"हे पगार घेऊन करतात की फुकट?" त्यांनी विचारलं.

"फुकट," लोथार म्हणाला.

"तरी महागच पडलं."

लोथारने सांगितलं की पुलापलीकडे याहून वाईट आहे, आणि त्यांनी उशीर करू नये, कारण तिथे बघण्यासारखं बरंच आहे. काम्पेबाईंनी पावलं जरा उचलली.